फोन कोण ठेवतो?

टेलिफोनवरचं बोलणं संपत आलं की आपण मराठी माणसं हमखास विचारतो, "ठेवू का मग?" समोरचा म्हणतो, "हो, ठेवा." त्यानंतरही दोन-चार वाक्यं होतातच. घरच्यांची चौकशी राहिलेली असते, पावसापाण्याचं विचारायचं असतं, आणि मग खरोखरच फोन ठेवला जातो. आता हातातल्या मोबाइलमध्ये 'ठेवण्या'सारखं काही उरलेलं नाही. लाल खुणेवर बोट टेकवलं की झालं. पण शब्द मात्र टिकला आहे. रिसीव्हर उचलून कानाला लावायचा आणि काम झालं की जागेवर ठेवायचा, त्या काळाची ती खूण आहे.

माझ्या नोकरीची बरीच वर्षं टेलिफोनच्या यंत्रखोलीत गेली. लोक मला विचारायचे, इतक्या हजारो तारांमधून माझा फोन नेमक्या माणसाला लागतो कसा? प्रश्न चांगलाच आहे. पण यंत्रखोलीत काम करणाऱ्याला छळणारा प्रश्न वेगळा असतो. लागलेला फोन सुटायचा कसा? बोलणं संपलं हे यंत्राला कोण सांगणार? दोघांपैकी एकानंच ठेवला तर काय करायचं? आणि पैसे कुठपर्यंत मोजायचे? टेलिफोनच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात या प्रश्नांची उत्तरं अनेकदा बदलली. त्या प्रत्येक उत्तरामागे कुणाची तरी सोय होती आणि कुणाची तरी गैरसोय. आज त्याविषयीच थोडं बोलू या.

जगातलं पहिलं व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज अमेरिकेतल्या न्यू हेवन या गावी २८ जानेवारी १८७८ रोजी सुरू झालं. ग्राहक होते २१. बरोबर चार वर्षांनी, २८ जानेवारी १८८२ रोजी, आपल्याकडे मुंबई, कोलकाता आणि चेन्नई इथल्या एक्स्चेंजांचं उद्घाटन झालं. कोलकात्याच्या एक्स्चेंजमध्ये तेव्हा ९३ ग्राहक होते. ही सगळी एक्स्चेंज माणसांनी चालवायची होती. ग्राहकानं टेलिफोनचा दांडा फिरवला की एक्स्चेंजमधल्या फळ्यावर त्याच्या नंबरची छोटी झडप खाली पडायची. ऑपरेटर दोरीचं एक टोक त्याच्या भोकात खोचून विचारायची, "नंबर प्लीज?" मग दुसरं टोक हव्या त्या नंबराच्या भोकात. झाला फोन जोडून.

आता तोडायचा कसा? दांड्याच्या फोनचा नियम असा होता की, बोलणं संपलं की ग्राहकानं पुन्हा एकदा दांडा फिरवायचा. त्याला 'रिंग ऑफ' म्हणत. लोक हे विसरायचे. मग ती दोरी तशीच अडकून राही आणि त्या नंबराला फोन करणाऱ्या इतरांना 'एंगेज' असं उत्तर मिळे. पुढे सुधारलेल्या फळ्यावर प्रत्येक दोरीला दोन दिवे आले. रिसीव्हर ठेवला की त्या बाजूचा दिवा लागायचा. दोन्ही दिवे लागले की ऑपरेटरनं दोरी उपसायची. एकच लागला तर थोडं थांबायचं, आणि गरज पडली तर मध्ये येऊन विचारायचं, "बोलणं झालं का?" म्हणजे फोन संपला की नाही, याचा अखेरचा निवाडा एका माणसाच्या हातात होता.

आमचं सोलापूर हे गिरण्यांचं आणि मागांचं गाव. सुताचा आणि कापडाचा व्यवहार मुंबईशी बांधलेला. त्यामुळे ट्रंक कॉल हा इथल्या पेढ्यांचा रोजचा विषय. १८० नंबर फिरवून कॉल बुक करायचा. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग, ते सांगायचं, आणि वाट बघत बसायचं. एका ऑपरेटरनं दुसऱ्या गावच्या ऑपरेटरला हाक मारायची, तिनं पुढच्या, असं करत रस्ता जुळायचा. कॉल लागला की तीन मिनिटांचा हिशेब सुरू. तीन मिनिटं संपत आली की आवाज यायचा, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" लोकांना त्या आवाजाचा राग यायचा. पण ट्रंक लायनी मोजक्या होत्या आणि मागे बुकिंगच्या चिठ्ठ्यांची थप्पी असायची. त्यातली एखादी सुताच्या भावाची असेल, एखादी कुणाच्या आजारपणाची. एकाचं बोलणं वेळेवर तुटल्याशिवाय दुसऱ्याचं जुळत नव्हतं. टेलिफोनमध्ये तोडणं ही दुसऱ्याला दिलेली वाट असते, हे तेव्हा उघड दिसत असे.

माणसाच्या हातून हा निवाडा काढून घेण्याची खटपट केली ती अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या एका माणसानं. त्याचं नाव आल्मन स्ट्राउजर. व्यवसाय अंत्यविधीचं सामान पुरवण्याचा आणि ती व्यवस्था लावण्याचा. गावातली ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता, अशी हकिकत सांगतात. कारण काहीही असो, १८९१ साली त्याला आपोआप फोन जोडणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं आणि १८९२ साली इंडियाना राज्यात ला पोर्ट या गावी त्याच्या पद्धतीचं पहिलं एक्स्चेंज सुरू झालं. आपल्या देशातलं पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ मध्ये सिमल्यात आलं. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना निघाला आणि स्ट्राउजर पद्धतीची यंत्रं तिथं बनू लागली. देशातल्या गावोगावच्या एक्स्चेंजमध्ये पुढची कित्येक दशकं हीच यंत्रं खटखटत होती.

या यंत्राची खरी गंमत अशी की, त्याची भाषाच मुळी तुटण्याची आहे. आपण रिसीव्हर उचलतो तेव्हा तारेतून वीज वाहू लागते. डायलवर ३ फिरवला की डायल परत येताना ही वीज तीन वेळा तुटते. ७ फिरवला की सात वेळा, शून्य फिरवलं की दहा वेळा. सेकंदाला साधारण दहा या वेगानं. ज्यांच्या घरी डायलला छोटं कुलूप लावायची पद्धत होती, त्यांना आठवत असेल. घरातली चलाख पोरं रिसीव्हर ठेवायच्या जागेवरची खुंटी टकटक दाबून नंबर लावायची. खुंटी दाबणं म्हणजे वीज तोडणं. कुलपाला त्याचा पत्ताही नसे.

मग प्रश्न पडतो. अंक म्हणजेही तुटणं आणि फोन ठेवणं म्हणजेही तुटणं. यंत्रानं हे दोन ओळखायचे कसे? उत्तर आहे वेळ. तुटणं क्षणाचं असेल तर तो अंक, लांबलं तर माणसानं फोन ठेवला. आज हे काम संगणकाच्या आज्ञावलीत एका ओळीनं होईल. त्या काळात ते तांब्याच्या एका कड्यानं होत असे.

एक्स्चेंजमधल्या प्रत्येक सिलेक्टरमध्ये तीन महत्त्वाचे रिले असायचे. रिले म्हणजे विजेच्या चुंबकानं ओढली जाणारी पट्टी. पहिला रिले अगदी चपळ. तारेतली वीज जितक्या वेळा तुटेल तितक्या वेळा तो सुटायचा आणि पुन्हा ओढला जायचा. त्याच्या प्रत्येक ठोक्याबरोबर सिलेक्टरचा हात एकेक पायरी वर चढायचा. दुसरा रिले मुद्दाम आळशी केलेला. त्याच्या गाभ्यावर तांब्याचं जाड कडं बसवलेलं असायचं. वीज थांबली की चुंबकत्व ओसरू लागतं, पण ओसरताना ते कड्यात वीज निर्माण करतं आणि ती वीज चुंबकाला आणखी क्षणभर जिवंत ठेवते. त्यामुळे डायलच्या छोट्या तुटण्यांत हा रिले पडतच नसे. वीज जरा जास्त वेळ गेली की मात्र तो पडायचा. तो पडला की फोन ठेवला गेला असं यंत्र समजे आणि सगळा रस्ता मोकळा करून टाकी. तिसरा रिलेही आळशीच. अंकाचे ठोके चालू असेपर्यंत तो धरून राही आणि दोन अंकांमधल्या विश्रांतीत सुटे. त्यावरून एक अंक पुरा झाला हे कळे आणि सिलेक्टरचा हात पुढची मोकळी वाट शोधायला आडवा फिरे.

तांब्याचं कडं किती जाड, पट्टीचा ताण किती, यावर यंत्राची समजूत ठरायची. त्या काळी कुणी त्याला प्रोग्रॅम म्हटलं नाही, पण होता तो प्रोग्रॅमच. नवीन माणसाला शिकवताना आम्ही त्याला आधी कान द्यायला सांगत असू. वर चढणाऱ्या हाताची टकटक वेगळी आणि फोन सुटल्यावर तोच हात शेवटपर्यंत फिरून, खाली पडून, मूळ जागी परतण्याचा खडखडाट वेगळा. सोलापूरच्या पोराला हे लवकर जमायचं. मागाच्या आवाजावरून काय बिघडलं ते ओळखणारी माणसं त्याच्या घरातच असायची.

स्ट्राउजरच्या यंत्रात फोन सोडण्याचा हक्क कुणाचा होता? ज्यानं फोन केला त्याचा. आपल्याकडे शिष्टाचारही असाच आहे, ज्यानं फोन केला त्यानं ठेवावा. पण यंत्रात हा नियम बसला की त्याचे परिणाम कडक होतात. तुम्हाला कुणी फोन केला, तुम्ही बोलून रिसीव्हर ठेवला, पण त्यानं आपला नीट ठेवलाच नाही, तर तुमची लाइन त्याच्याकडे अडकून पडायची. तुम्ही पुन्हा उचललात तर डायल टोन नाही, पलीकडच्या घरातले आवाज! अडल्या वेळी डॉक्टरांना फोन करायचा असेल तर काय होत असेल याची कल्पना करा. एक्स्चेंजमधला माणूस तारेचा माग काढत त्या सिलेक्टरपर्यंत पोचायचा आणि हातानं ती सोडवायचा. याच दोषाचा एक उपयोगही होता. कुणी त्रास देण्यासाठी निनावी फोन करत असेल तर जोडलेला रस्ता जागच्या जागी धरून, एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जात तो फोन कुठून आला हे शोधता येत असे. रस्ता एकदा सुटला की मागे खूण उरत नसे.

पुढची पायरी क्रॉसबारची. ही समजावून सांगायला सोलापूरइतकं सोयीचं गाव नाही. माग डोळ्यांसमोर आणा. उभा ताणा, आडवा बाणा. क्रॉसबारमध्येही उभ्या आणि आडव्या पट्ट्या असतात. एक उभी आणि एक आडवी पट्टी हलली की त्यांच्या छेदावरचे संपर्कबिंदू जुळतात. तेवढ्यानं दोन माणसं बोलू लागतात. इथं सिलेक्टरचा हात अंकागणिक चढत-फिरत नाही. आधी सगळा नंबर ऐकून घ्यायचा, मग कुठला छेद जुळवायचा ते ठरवायचं. म्हणजे ठरवणारा भाग वेगळा आणि जोडणारा भाग वेगळा, अशी वाटणी झाली. आपल्याकडे १९६० च्या दशकात पेंटाकॉन्टा नावाची क्रॉसबार पद्धत युरोपातून आणली गेली. ती आखली होती तिकडच्या वापराच्या हिशेबानं. आपल्याकडे टेलिफोन थोडे आणि वापरणारे फार. एकेका फोनवर चाळीभर, बाजारभर माणसांचे फोन. हा भार त्या यंत्रांना सोसला नाही आणि फोन न लागणं, मध्येच तुटणं हे शहरांतल्या लोकांच्या पाठी लागलं. मागणी कोणत्या देशाची आणि यंत्र कोणत्या देशासाठी केलेलं, याचा हा धडा होता.

तो धडा पुढे कामाला आला. १९६५ साली अमेरिकेत सुकासुना या गावी बेल कंपनीचं पहिलं मोठं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झालं होतं. त्यात निर्णय घ्यायचं काम स्मृतीत साठवलेल्या आज्ञावलीकडे होतं. ही कल्पनाही आमच्या गावाला परकी नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जेकार्डवर निघते, त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. कुठला ताणा उचलायचा हे ती भोकं सांगतात. फ्रान्समधल्या जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास हे यंत्र बनवलं. नक्षी बदलायची तर माग बदलायला नको, पुठ्ठे बदला. तसंच इथं, नियम बदलायचा तर यंत्र बदलायला नको, आज्ञावली बदला.

या आज्ञावल्यांच्या इतिहासात एका बाईंचं नाव आवर्जून घ्यायला हवं. एर्ना हूवर. बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या. एकाच वेळी खूप फोन आले की संगणक गुदमरतो. तेव्हा कुठलं काम आधी करायचं आणि कुठलं थोडं थांबवायचं, हे संगणकानंच भार बघून ठरवावं, अशी योजना त्यांनी आखली. बाळंतपणानंतर इस्पितळात असताना त्यांनी तिचे आराखडे काढले, असं सांगतात. १९७१ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं.

आता फोन तोडण्याचं काय झालं? आज्ञावलीच्या दृष्टीनं प्रत्येक फोन कोणत्या ना कोणत्या अवस्थेत असतो. स्वस्थ, डायल टोन, नंबर चालू, घंटी, बोलणं, सुटका. संगणक प्रत्येक लाइनकडे पुन्हा पुन्हा बघत असतो. फोन करणाऱ्यानं ठेवला तर लगेच सुटका. पण ज्याला फोन आला त्यानं ठेवला तर? तो कदाचित बैठकीतला फोन ठेवून आतल्या खोलीतला उचलायला निघाला असेल. म्हणून आज्ञावलीत घड्याळ बसवलं. थोडा वेळ थांबायचं, परत उचलला तर बोलणं चालू ठेवायचं, नाही तर रस्ता सोडायचा. अडकून पडलेल्या लाइनचा जुना जाच या एका घड्याळानं मिटला. सोडण्याचा हक्क आता दोघांनाही मिळाला.

आपल्या देशात ही विद्या स्वतःच्या हातानं करायची, असं ठरवून ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा यांचं नाव सर्वांना माहीत आहे. त्यांच्याबरोबर जी. बी. मीमांसी होते आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले डॉ. एम. व्ही. पिटकेही होते. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये, असं काम हाती घेतलं. पहिलं ग्रामीण एक्स्चेंज बसवलं ते १९८६ साली, आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात, राणी चन्नम्माच्या कित्तूरमध्ये. १२८ जोडण्यांचं छोटं कपाट. वातानुकूलित खोली नको, धूळ चालेल, उन्हाळा चालेल. सोलापूरच्या उन्हाळ्याची ज्याला कल्पना आहे, त्याला या एका गुणाची किंमत वेगळी सांगायला नको. महाराष्ट्रातल्या कितीतरी खेड्यांनी आपला पहिला डायल टोन अशाच कपाटातून ऐकला.

आज्ञावलीचे धोकेही लवकरच दिसले. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीचं लांब पल्ल्याचं जाळं सुमारे नऊ तास कोलमडलं. एक यंत्र क्षणभर बंद पडून परत आलं आणि आपण परत आल्याचा निरोप त्यानं शेजाऱ्यांना दिला. तो निरोप हाताळताना शेजारी बंद पडले, ते परत आले आणि त्यांच्या निरोपानं त्यांचे शेजारी पडले. कारण सापडलं ते आज्ञावलीतल्या चुकीच्या जागी आलेल्या 'ब्रेक' या एका शब्दात. तांब्याचं कडं बिघडलं तर एक लाइन अडत होती. इथं एक शब्द चुकला आणि देशभराची वाट अडली.

आपल्याकडे याच सुमारास एसटीडी बूथ आले. लखनौ-कानपूर दरम्यान १९६० साली सुरू झालेली एसटीडी सामान्य माणसापर्यंत पोचली ती या पिवळ्या पाट्यांमुळे. रात्री उशिरा पाव दर लागायचा, म्हणून रात्री रांगा असत. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, चारही भाषा एका बाकावर. आणि सगळ्यांचे डोळे त्या लाल आकड्यांवर. समोरच्यानं फोन उचलला की एक्स्चेंज तारेतल्या विजेची दिशा उलटी करी, ती खूण बघून बूथचं यंत्र मोजायला लागे. तिथून ठेवेपर्यंत पैसे. "ठेवू का?" हा प्रश्न तिथं फार कमी वेळा विचारला जायचा.

उचलल्यापासून पैसे, हा नियम लोकांनी बरोबर हेरला. त्यातून 'मिस्ड कॉल' जन्मला. उचलायच्या आधीच तोडायचं. "पोचलो", "निघालो", "तू कर", सगळे निरोप फुकट. पुढे कंपन्यांनाही यातलं गणित कळलं. ज्या कंपनीच्या ग्राहकानं फोन केला, तिनं समोरच्या कंपनीला मिनिटाला सहा पैसे द्यायचे होते. घंटी लवकर तोडली तर समोरचा माणूस मिस्ड कॉल बघून उलट फोन करतो आणि पैशांची दिशा बदलते. घंटी किती सेकंद वाजावी यावरून वाद पेटला. अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणानं नियम केला, मोबाइलवर ३० सेकंद आणि घरच्या फोनवर ६० सेकंद. त्याआधी २०१५ साली याच प्राधिकरणानं मध्येच तुटणाऱ्या फोनबद्दल ग्राहकाला एक रुपया भरपाई, दिवसाला जास्तीत जास्त तीनदा, असं ठरवलं होतं. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला. फोन कोणी, केव्हा तोडायचा आणि तुटला तर कोण जबाबदार, हा प्रश्न ऑपरेटरच्या दोरीपासून देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो असा.

खटखटणारी यंत्रं आता एक्स्चेंजमधून गेली. तांब्याच्या तारांची जागा काचतंतू घेत आहेत. सी-डॉटचं काम मात्र थांबलेलं नाही. बीएसएनएलच्या ज्या स्वदेशी ४जी जाळ्याचं सप्टेंबर २०२५ मध्ये लोकार्पण झालं, त्याच्या गाभ्यात त्यांचीच आज्ञावली आहे.

आजच्या जाळ्यांत फोन सुटतो तेव्हा एक यंत्र दुसऱ्याला 'सोडतो' असा संदेश पाठवतं आणि दुसरं 'सोडलं' असं उत्तर देतं. त्या संदेशात का सोडलं याचा एक क्रमांक असतो. समोरचा बोलत असेल तर १७, उत्तर नसेल तर १९, जागाच शिल्लक नसेल तर ३४. आणि दोन माणसांचं बोलणं पुरं झालं, एकानं सावकाश फोन ठेवला, तर १६. त्याचा अर्थ एवढाच, सगळं रीतसर पार पडलं. आपण रोज "ठेवतो हं" म्हणतो, तेव्हा कुठल्या तरी नोंदवहीत हा सोळा पडत असतो. माझ्यासारख्या यंत्रखोलीतल्या माणसाला याहून समाधानाचा आकडा माहीत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)